‘एकदाच दाबा’: यंत्रांवरच्या चिठ्ठ्यांविषयी

माझ्याकडे दोन जाड वह्या आहेत. गेल्या काही वर्षांत मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत जिथे जिथे जाणे झाले, तिथल्या यंत्रांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा मजकूर मी त्यांत उतरवून घेतला आहे. कंपनीने छापून दिलेल्या सूचना मला नको असतात. रोज त्या यंत्राशी गाठ पडणाऱ्या माणसाने वैतागून, पाठकोऱ्या कागदावर बॉलपेनने लिहून, सेलोटेपने लावलेल्या चिठ्ठ्या हव्या असतात. ‘एकदाच दाबा’ ही एका दवाखान्यातल्या नंबर देणाऱ्या यंत्रावरची. ‘दार ओढून लावा, नाहीतर लिफ्ट वर अडकते’ ही एका जुन्या इमारतीतली. ‘हिरवे नाही, त्याच्या खालचे’ ही झेरॉक्सच्या दुकानातली. आणि माझी सर्वांत आवडती, एका सोसायटीच्या पाण्याच्या पंपावरची: ‘बंद म्हणजे चालू’.

हा छंद ऐकून लोक हसतात. मलाही आधी तो छंदच वाटत होता. पण पहिली वही भरत आली तेव्हा लक्षात आले की चिठ्ठी वाटेल तिथे लागत नाही. यंत्राने जे स्वतःहून सांगायला हवे होते आणि सांगितले नाही, नेमक्या त्याच जागी ती लागते. चांगला इंटरफेस कसा असावा यावर इंग्रजीत कपाटे भरतील इतकी पुस्तके आहेत. त्यांतली बरीचशी तत्त्वे मला या दोन वह्यांत उलट बाजूने, म्हणजे तत्त्व मोडले की काय होते त्या बाजूने, सापडली.

आधी माझा अधिकार सांगते, म्हणजे तो किती थोडा आहे ते कळेल. मी संगणकशास्त्र शिकलेले नाही. १९८९ साली घाटकोपरच्या एका टंकलेखन वर्गात मराठी तीसची परीक्षा दिली, पुढे चाळीसची. मग अंधेरीला एका डीटीपीच्या दुकानात नोकरी लागली आणि तिथे पंधरा वर्षे लग्नपत्रिका, अहवाल, आणि हो, दिवाळी अंकांची पानेही लावली. बाकीचे जे काही वाचले ते फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांच्या कृपेने.

इंटरफेस या शब्दाला मराठी प्रतिशब्द सुचवले गेले आहेत, पण ते बोलताना कुणाच्या तोंडी येत नाहीत, म्हणून मी इंटरफेसच म्हणणार आहे. कल्पना मात्र आपल्या ओळखीची आहे. बँकेत आत तिजोरी असते, खातेवह्या असतात, साहेब असतात. आपल्या वाट्याला येते ती काउंटरची खिडकी. आपल्यापुरती बँक म्हणजे ती खिडकी. सॉफ्टवेअरचेही तसेच. आतली गणिते कितीही हुशार असोत, समोरच्या माणसाला दिसतात ती चार बटणे आणि दोन ओळी.

आता ‘एकदाच दाबा’कडे येऊ. ती चिठ्ठी का लागली ते मी बाकावर बसून अर्धा तास पाहिले. बटण दाबले की आतला छापणारा भाग जागा व्हायला तीन-चार सेकंद लागत. तेवढ्या वेळात बाहेर काहीच घडत नसे. दिवा नाही, आवाज नाही. माणूस साहजिकच पुन्हा दाबी. मग दोन नंबर येत, एक कुणीच न आलेला नंबर पुकारला जाई आणि रांगेत भांडण. जेकब निल्सन या अभ्यासकाने १९९३ च्या आपल्या पुस्तकात या वेळेचे तीन टप्पे दिले आहेत. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर आपल्याला तो तत्काळ वाटतो. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपुढे लक्षच उडते, म्हणून तिथे यंत्राने ‘काम चालू आहे’ असे कळवत राहिले पाहिजे. दवाखान्यातल्या यंत्राला वेग वाढवायची गरजच नव्हती. बटण दाबताक्षणी एक बारीक दिवा लागला असता तरी चिठ्ठी लागली नसती.

दवाखान्यात भांडणावर भागते. पैशांत भागत नाही. आमच्या इमारतीत धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी एकदा फोनवरून किराणावाल्याला दोन हजार रुपये पाठवले. पडद्यावर चक्र फिरत राहिले. ‘गेले’ असेही दिसेना, ‘गेले नाहीत’ असेही दिसेना. त्यांनी मागे जाऊन पुन्हा पाठवले. दोन्ही वेळचे गेले. किराणावाला ओळखीचा होता म्हणून दुसऱ्या दिवशी परत मिळाले. पण त्या रात्रभर त्या झोपल्या नव्हत्या, आणि सकाळी मला म्हणाल्या ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे: ‘ताई, माझंच डोकं चालत नाही बघा.’

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांचे रोजच्या वापरातल्या वस्तूंविषयीचे पुस्तक १९८८ साली आले. दारावर ‘ढकला’ असे लिहावे लागत असेल तर दोष दाराचा आहे, हा त्यांचा मुद्दा बराच गाजला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांचे दुसरे निरीक्षण. वस्तू नीट वापरता आली नाही की बहुतेक माणसे स्वतःला दोष देतात, आणि लाजेने कुणाला सांगतही नाहीत. त्यामुळे बनवणाऱ्यापर्यंत तक्रार पोहोचत नाही आणि तीच चूक पुढच्या यंत्रात जाते. मावशींनी कुणाकडे तक्रार केली नाही. करायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हते.

लोकल स्टेशन ही या विषयाची आयती प्रयोगशाळा आहे. उपनगरी स्थानकांवर तिकिटे देणारी स्पर्शपडद्याची यंत्रे २००७ च्या सुमारास आली. भाषा निवडा, मार्ग निवडा, स्थानक निवडा, माणसे किती, जायचे की जाऊन यायचे, मग कार्ड. ज्याला सवय आहे त्याचे तिकीट अर्ध्या मिनिटात निघते. पण गर्दीची रांग बघा. बऱ्याच ठिकाणी यंत्राशेजारी एक माणूस उभा असतो, पुष्कळदा रेल्वेतून निवृत्त झालेला; रेल्वेनेच त्यांना कमिशनवर ही यंत्रे चालवायला परवानगी दिलेली आहे. आपण ‘घाटकोपर, रिटर्न’ म्हणतो, तो पडद्यावर बोटे नाचवतो, तिकीट हातात. व्यवस्था म्हणून ती उत्तम चालते आणि एका निवृत्ताला चार पैसे मिळतात. पण माझ्या वहीच्या हिशेबाने ते गृहस्थ म्हणजे उभी, बोलती चिठ्ठी आहेत. सहा प्रश्नांचे भाषांतर ते माणसाच्या एका वाक्यात करतात. त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडणारे वाक्य हाच खरा आराखडा असायला हवा होता, असे मला दर वेळी वाटते.

मग नजर वर इंडिकेटरकडे जाते. मध्य रेल्वेवर ‘टी’ म्हणजे ठाणे, ‘के’ म्हणजे कल्याण, इथवर ठीक. पण कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’. कल्याणच्या पुढे एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे आणि दुसरा आग्नेयेला कर्जतकडे जातो, त्यातल्या नॉर्थ आणि साउथवरून ही अक्षरे आली, असे सांगतात. नवख्याला हे कळणे अशक्य. तरीही मी या अक्षरांना वाईट इंटरफेस म्हणणार नाही. बदलापूरच्या माणसाला धावत जिना उतरताना एका नजरेत ‘बीएल’ दिसणे, पूर्ण नाव वाचत बसण्यापेक्षा बरे. रोज वापरणाऱ्याला थोडे पाठ करायला लावून वेग देणे हा सौदा वाजवी आहे. अट एकच, नवख्यासाठी दुसरी वाट उघडी हवी. इंडिकेटरवर ती असते, कारण घोषणा होत असते, आणि शेजारी मुंबईकर उभा असतो.

स्टेशनवरची सर्वांत चांगली खूण मात्र पडद्यावर नाहीच. फलाटावर बायकांचा डबा आणि फर्स्ट क्लास जिथे येतो तिथे तिरपे पट्टे रंगवलेले असतात, तसेच डब्यावरही असतात. गाडी यायच्या आधी कुठे उभे राहायचे ते जमीन सांगते. वाचता येण्याची गरज नाही. त्याची चिठ्ठी माझ्या वहीत एकही नाही.

न वाचता येणाऱ्या माणसासाठी यंत्र करायचे म्हणजे काय, याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग माझ्या घरापासून फार लांब घडलेला नाही. मुलुंडहून भांडुप, कांजूर गेले की विक्रोळी. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. इतक्या पेट्या का लागल्या? १९५१ च्या जनगणनेत साक्षर सुमारे १८ टक्के होते, आणि मतदार सतरा कोटींच्या वर. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचाच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायची, झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर, आठवून करायचे काम ओळखून करायच्या कामात बदलले. इंटरफेसच्या पुस्तकांत हे तत्त्व पहिल्या दहांत असते. ते तत्त्व लिहिणारी बरीच माणसे तेव्हा शाळेतही गेली नव्हती.

या पद्धतीत पेट्यांचा डोंगर उभा राहतो हे उघडच होते. १९६२ पर्यंत बहुतेक देशात सगळ्या उमेदवारांची एकच मतपत्रिका आणि तिच्यावर रबरी शिक्का अशी पद्धत आली. तिने नवी चूक आणली. शिक्का दोन नावांच्या मधल्या रेषेवर पडला की मत बाद. कागदाची घडी घातली की ओली शाई समोरच्या नावावर उमटे, आणि मत कुणाला हा प्रश्न. इथे एक बारीक शहाणपण केलेले आहे, त्याचे मला फार कौतुक वाटते. शिक्क्याची खूण साधी फुली ठेवली नाही. एका दिशेने फिरणाऱ्या बाणांची फुली केली. घडीमुळे उमटलेली छाप आरशातल्यासारखी उलट्या दिशेची होते, म्हणून मोजणाऱ्याला खरा शिक्का कोणता ते कळते. माणूस घडी चुकीची घालणारच, हे गृहीत धरून केलेली रचना. ‘घडी नीट घाला’ अशी पाटी लावून मोकळे होणे सोपे होते.

इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र प्रथम १९८२ साली केरळमधल्या परूर मतदारसंघात, ५० मतदान केंद्रांवर वापरले. कायद्यात यंत्राची तरतूदच नाही म्हणून १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवले, १९८८ च्या अखेरीस कायदा बदलला, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. आतली विद्युत-रचना हैदराबाद आणि बंगळुरूच्या सरकारी कंपन्यांची. पण हातात येते ते यंत्र, त्याचा आकार आणि त्याची बटणे, यांवर काम केले ते पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या अध्यापकांनी, ए. जी. राव आणि रवी पोवय्या यांनी. विक्रोळीच्या मतपेट्या ते पवईचे मतदान यंत्र, अंतर रिक्षाने जाण्याइतके.

या यंत्राच्या विश्वासार्हतेवरचा वाद मला ठाऊक आहे. त्यात निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. मी पाहते ते फक्त पुठ्ठ्याच्या आडोशामागचे अर्धे मिनिट. तिथे काय आहे? उमेदवाराचे नाव, चिन्ह, आणि त्याच ओळीत एक निळे बटण. एका फलकावर सोळा ओळी. ज्या ओळींना उमेदवार नाही तिथली बटणे झाकलेली, म्हणजे चुकून दाबताच येत नाहीत. मतदान अधिकाऱ्याने त्याच्या टेबलावरच्या भागावरून परवानगी दिली की हिरवा दिवा लागतो. आपण बटण दाबले की त्या चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो आणि लांब शिटीसारखा आवाज येतो. त्यानंतर बटण दहा वेळा दाबा, काही होत नाही. यंत्र पुढच्या परवानगीची वाट पाहते. दवाखान्याच्या यंत्राला ‘एकदाच दाबा’ लिहावे लागले. इथे ते लिहावे लागत नाही, कारण दोनदा दाबण्याचा परिणामच काढून टाकला आहे. चूक करू नका असे सांगण्यापेक्षा चूक होऊच न देणे नेहमी बरे. आणि तो आवाज मतदारासाठी असतो तसाच बाहेर बसलेल्या सगळ्यांसाठीही असतो: एक मत पडले, एकच पडले.

हे किती अवघड आहे ते पाहायचे तर २००० सालच्या अमेरिकेत जावे लागेल. फ्लोरिडातल्या पाम बीच परगण्यात वृद्ध मतदार पुष्कळ. त्यांना वाचायला सोपे जावे म्हणून अधिकाऱ्यांनी मतपत्रिकेवरची अक्षरे मोठी केली. नावे एका पानात मावेनात, म्हणून समोरासमोरच्या दोन पानांवर घेतली आणि छिद्रे पाडायची उभी रांग मधोमध ठेवली. परिणाम असा की डावीकडच्या यादीत अल गोर दुसरे, पण त्यांचे छिद्र तिसरे. दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे. या परगण्यात ब्युकॅनन यांना ३,४०७ मते मिळाली, त्यांना स्वतःलाही ती पटण्यासारखी वाटली नाहीत. एकाहून अधिक छिद्रे पाडल्यामुळे हजारो मते बाद झाली. संपूर्ण फ्लोरिडाचा निकाल लागला ५३७ मतांनी, आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदाचा. हेतू चांगला होता, अक्षरे खरोखरच मोठी होती. चुकले ते नाव आणि छिद्र यांचे नाते. आमच्या झेरॉक्सवाल्याच्या ‘हिरवे नाही, त्याच्या खालचे’ या चिठ्ठीत आणि यात जातीचा फरक नाही. बटण ज्याचे असेल त्याच्याच ओळीत हवे, डोळ्याला शोधायला लावता कामा नये.

आपल्या यंत्रालाही पुढे एक भर घालावी लागली. दिवा लागला, आवाज आला, पण आत नोंद तीच झाली कशावरून? हा प्रश्न वाढला तेव्हा व्हीव्हीपॅट आले. २०१३ साली नागालँडमधल्या नोक्सेन पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरले. काचेमागे सात सेकंद उमेदवाराचे नाव आणि चिन्ह छापलेला कागद दिसतो आणि आत पडतो. दिवा म्हणजे यंत्राने आपल्याला सांगितलेली गोष्ट. कागद म्हणजे आपण डोळ्यांनी वाचलेली आणि पुढे कुणाला मोजता येईल अशी. प्रतिसाद नुसता मिळून भागत नाही, त्यावर विश्वास बसावा लागतो. शेवटी त्या यंत्रालाही चिठ्ठी लागलीच, असे मी घरी गमतीने म्हणते.

आता माझ्या स्वतःच्या दुखण्याकडे येते, ते म्हणजे कळफलक. मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाचे यंत्राशी पहिले भांडण तिथेच होते.

टंकलेखन वर्गात आम्ही शिकलो तो रेमिंग्टनचा कळफलक. त्यात अक्षरे तुकड्यांत असत. अर्धा ‘ख’ आणि काना मिळून पूर्ण ‘ख’. ‘कि’ हवी तर आधी ऱ्हस्व वेलांटी मारायची, मग ‘क’. कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. यंत्र डोळ्याच्या क्रमाने चाले. पुढे १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट कळफलक आणला. त्याचा क्रम कानाचा. आधी ‘क’, मग वेलांटी, जसे उच्चारतो तसे. त्याची मांडणी मोठी सुंदर आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. कळ नुसती दाबली की ‘क’, शिफ्टसह ‘ख’. ‘प’च्या वर ‘फ’, ‘ल’च्या वर ‘ळ’. आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आराखडा. पण कळांवर छापलेली अक्षरे इंग्रजीच. ही सुंदर मांडणी डोळ्याला दिसतच नाही, ती पाठ करावी लागते. डीटीपीच्या दुकानात तर आणखी घोळ. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, ज्याचा त्याचा फाँट, ज्याची त्याची मांडणी. आम्ही कळांवर मराठी अक्षरांचे बारीक स्टिकर लावत असू. शंभर-एक चिठ्ठ्या एका यंत्रावर! वर्षभरात ‘र’ आणि ‘त’चे स्टिकर झिजून जात, ‘ङ’चा कोराच राही.

रेमिंग्टनवर हात बसलेल्यांना इन्स्क्रिप्टवर वेलांटी नेहमी पुढच्या अक्षराला लागे. माझीही लागली, कितीतरी महिने. यात चूक माझी की यंत्राची? दोन्हींची नव्हे. माणसाच्या डोक्यात कामाचे एक चित्र आधीच तयार असते, आणि यंत्र दुसरेच चित्र धरून चाललेले असते. भांडण त्या दोन चित्रांचे असते. इंटरफेस करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की समोरच्याच्या डोक्यात आधी काय आहे?

फोन आले तेव्हा बहुतेकांनी तिसरी वाट धरली. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा आणि यंत्राने मराठी करून द्यायचे. सोपे आहे, मीही घाईत वापरते. पण इंग्रजी लिपीत ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ यांचे स्पेलिंग बहुतेक जण एकच करतात. ‘मला’ आणि ‘माळा’ यांचेही तेच. यंत्र अंदाज बांधते आणि पुढे करते. आपण कंटाळून जे येईल ते ठेवतो. ‘ऱ्य’ची गत तर विचारू नका. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी इतका फरक आहे. इन्स्क्रिप्टवर तो ‘ऱ’ शिफ्ट दाबून ‘र’च्याच कळीवर मिळतो, पण हे किती जणांना माहीत? ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र बसवून भागवायचे. मुद्रितशोधकाने जे आयुष्यभर सांभाळले ते बोटाला सहज सापडत नाही म्हणून निसटते, हे पाने लावताना मी रोज पाहिले आहे.

माझी आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तीस वर्षे तिने पहिली-दुसरीच्या मुलांकडून बाराखडी घोटून घेतली. तिला २०१६ साली आम्ही स्मार्टफोन दिला. नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळे लिहीत, ती नुसती वाची. विचारले की म्हणे, ‘मला नाही बाई जमत ते.’ मराठी शिकवण्यात जन्म गेलेली बाई मराठीतच लिहू शकत नव्हती, कारण मराठी लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंग करावे लागत होते. हे मला मावशींच्या दोन हजारांपेक्षा जास्त लागले.

पवईच्या त्याच केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षे भारतीय लिप्यांच्या कळफलकावर काम करत होते. आधी किलेख नावाचा एक प्रयोग झाला, आणि २०१३ साली फोनसाठी स्वरचक्र आले. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत, क ख ग घ ङ, खाली च छ ज झ ञ. ‘क’वर बोट ठेवले की भोवती एक चक्र उमटते: का, कि, की, कु, कू... बोट त्या दिशेला सरकवून सोडले की अक्षर लिहिले जाते. जोडाक्षरासाठी चक्रातले पाय मोडलेले ‘क्’ घेतले की सगळ्या कळांवर ‘क्क’, ‘क्त’, ‘क्ष’ अशी तयार जोडाक्षरे दिसू लागतात. पाठ काही करायचे नाही, दिसेल ते ओळखायचे. मतपेटीवरच्या चिन्हासारखेच.

मी ते आईच्या फोनमध्ये घातले. तिने चक्र पाहिले आणि म्हणाली, ‘अगं, ही तर बाराखडी.’ त्या दिवशी दुपारी तिने ग्रुपवर पहिला संदेश लिहिला, चार ओळींचा. लिहायला तिला पंचवीस मिनिटे लागली. त्यात ‘ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्या’ अशी सर्व भाच्या-पुतण्यांना तंबीही होती.

सगळे गोड झाले असे नाही. तिचे बोट थरथरते, चक्रात ‘कि’च्या जागी ‘की’ लागे आणि ती चिडे. वेगाने लिहिणाऱ्यांना ही पद्धत रेंगाळणारी वाटते. माझ्या भाच्याने दोन मिनिटांत कंटाळून ती सोडली. त्याच्या डोक्यातले चित्र इंग्रजी कळफलकाचे, आजीच्या डोक्यातले फळ्यावरचे. दोघांना एकच कळफलक देण्याचा हट्ट कशाला, असे मला वाटते.

तीन वर्षांनी आईला नवा फोन आला. भाच्याने तो मोठ्या प्रेमाने तयार करून दिला, आपल्या पद्धतीने. महिनाभर ग्रुपवर तिचे काही दिसले नाही. मी मुलुंडला गेले तेव्हा विचारले तर पुन्हा तेच, ‘नाही जमत मला आता. वय झालं.’ फोन पाहिला, कळफलक बदललेला. जुन्या फोनच्या कव्हरच्या आत मात्र तिच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी होती, मला तोवर ठाऊक नसलेली:

‘१) अक्षर दाबून धरावे, सोडू नये. २) चक्र येईल. ३) हवे तिकडे बोट न्यावे, मग सोडावे. ४) रफार शेवटी पाहावा.’

मी स्वरचक्र परत घातले आणि ती चिठ्ठी काढून नव्या कव्हरात ठेवली. वहीत उतरवून घ्यायला म्हणून पुढच्या खेपेस पुन्हा मागितली, तर खाली वेगळ्या शाईने एक ओळ वाढलेली होती: ‘५) नातवाच्या हाती फोन देऊ नये.’